उंदराचे हाड, माणसाचा पाय

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझा भाचा मोटारसायकलवरून पडला. डाव्या नडगीचे हाड मोडून कातडीबाहेर आले होते. डॉक्टरांनी जखम धुतली, हाडाच्या पोकळीत रॉड घातला आणि तीन-चार महिन्यांत पाय टेकता येईल असे सांगितले. ते महिने गेले, सहा झाले, नऊ झाले. प्रत्येक एक्स-रेमध्ये दोन टोकांच्या मधली काळी फट तशीच. माझ्या बहिणीला आता एक्स-रे वाचता येऊ लागला आहे. ती फिल्म खिडकीच्या उजेडाकडे धरते आणि काही न बोलता परत पाकिटात घालते.

महिन्यापूर्वी भेटायला गेलो तेव्हा भाचा नेहमीपेक्षा खुशीत दिसला. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. ''मामा, हे वाचा.'' नव्या जेलने मोडलेले हाड काही आठवड्यांत भरून येते, अशी ती बातमी होती. शीर्षक मोठे, शेजारी हसऱ्या रुग्णाचे चित्र. मी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली. पाचव्या परिच्छेदात, जणू जाता जाता, म्हटले होते की हा प्रयोग उंदरांवर करण्यात आला.

''हे आपल्याकडे कधी येईल?'' भाच्याने विचारले.

मला उत्तर देता आले नाही. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर बँकेत इतरांचे ताळेबंद तपासले आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण त्याच्या चेहऱ्यावरची आशा पाहून घरी आलो आणि या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. वाचता वाचता एक जुनी ओळखीची गोष्ट पुन्हा भेटली. ती विज्ञानाची कमी आणि हिशेबाची जास्त आहे, म्हणून हा लेख.

आधी हाडाबद्दल. आपल्या शरीरात कातडी फाटली तर व्रण राहतो. हाड मात्र नीट जुळले तर काही वर्षांनी ते कुठे मोडले होते हे एक्स-रेतही सांगणे कठीण व्हावे, इतके पूर्ववत होते. मोडल्या क्षणी तिथे रक्त साकळते आणि त्याची मऊ गाठ बनते. म्हणजे शरीर पहिली गोष्ट करते ती जेल भरण्याचीच. त्या गाठीत पेशी शिरतात, आधी मऊ कूर्चा तयार होते, मग तिच्यात चुना भरतो आणि पुढे कित्येक महिने शरीर ते ओबडधोबड बांधकाम तासून मूळ आकाराला आणते. फट फार मोठी असेल, रक्तपुरवठा तुटला असेल किंवा जंतू शिरले असतील तर हे काम मध्येच थांबते. अशा वेळी शस्त्रवैद्याचा हुकमी उपाय म्हणजे रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून तुकडे काढून फटीत भरायचे. उपाय चांगला आहे, पण कमरेत माल मर्यादित असतो आणि काढलेल्या जागेचे दुखणे पुष्कळांना पायापेक्षा अधिक छळते. म्हणून बाटलीतून काढून भरता येईल असे काही मिळावे, ही खटपट फार जुनी आहे.

हाड जिवंत आहे हे ज्ञानसुद्धा आपल्याला जनावरांनीच दिले. १७३६ मध्ये लंडनचा शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर एका छिटाच्या कारखानदाराकडे जेवायला गेला होता. पानात डुकराचे मांस आले, त्यातली हाडे लाल होती. कापडाचा रंग साफ करायला वापरलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालत आणि तो रंग होता मॅडर नावाच्या वनस्पतीचा, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्या सख्ख्या भावंडाचा. जे हाड नव्याने बनत होते त्यात रंग उतरत होता. पुढे फ्रान्समध्ये द्युआमेल याने जनावरांना हा रंग खाऊ घालून हाड कसे वाढते याचा पद्धतशीर अभ्यास केला. आपल्याकडेही १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांडवेलीचे, म्हणजे हाडसांधीचे, गुण जनावरांच्या मोडलेल्या हाडांवर तपासून पाहिले. हाडवैद्याच्या पिशवीतल्या वेलीला त्यांनी प्रयोगशाळेत आणले.

खरे वळण आले १९६५ मध्ये. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट या अस्थिशल्यविशारदाने हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यांतला चुना काढून टाकला आणि उरलेला मऊ सांगाडा सशांच्या व इतर जनावरांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांनी तिथे, जिथे हाडाचा काही संबंध नाही अशा मांसात, नवे हाड तयार झाले. त्या सांगाड्यात काहीतरी होते, जे आजूबाजूच्या पेशींना हाड बनवण्याचा हुकूम देत होते. १९७१ मध्ये त्याला 'बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन' हे नाव मिळाले, सोयीसाठी बीएमपी. १९८८ मध्ये त्याची जनुके सापडली आणि हे प्रथिन कारखान्यात बनवणे शक्य झाले.

पण नुसते प्रथिन फटीत ओतले तर ते वाहून जाते. त्याला धरून ठेवणारे काही हवे. पहिला यशस्वी आधार होता कोलॅजेनचा स्पंज. जनावरांवरचे निकाल उत्तम आले, माणसांवर चाचण्या झाल्या आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बीएमपी-२ भिजवलेल्या स्पंजाला मणक्याच्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी परवानगी दिली. त्याच वर्षी नडगीच्या उघड्या अस्थिभंगाच्या ४५० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. अधिक मात्रा मिळालेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका ४४ टक्क्यांनी कमी दिसला. २००४ मध्ये त्याही वापराला परवानगी मिळाली. भाच्याच्या दृष्टीने पाहिले तर ही खरी, माणसाच्या पायाची बातमी होती.

इथून पुढची कहाणी मी दोनदा वाचली. उंदराच्या फटीला काही मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते. माणसाच्या मोठ्या पाकिटात ते १२ मिलिग्रॅम असे, म्हणजे हजारो पट. स्पंज ते फार काळ धरून ठेवू शकत नाही, म्हणून सुरुवातीलाच भरमसाट भरायचे. प्रथिन जिथे नको तिथे पसरले तर तिथेही हाड तयार होऊ शकते, सूज येते. परवानगी नसलेल्या मानेच्या मणक्यांतही ते वापरले जाऊ लागले आणि घसा सुजून श्वास व गिळणे अडल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा २००८ मध्ये त्याच प्रशासनाला इशारा काढावा लागला. २०११ मध्ये 'स्पाइन जर्नल' या नियतकालिकाने एक अख्खा अंक या विषयाला वाहिला. उत्पादकाच्या पैशावर झालेल्या १३ मूळ चाचण्यांत ७८० रुग्णांना हे प्रथिन दिले होते आणि त्यामुळे झालेल्या अपायांची नोंद होती शून्य. अंकाच्या लेखकांनी इतर कागदपत्रांशी ताडून पाहिले तेव्हा धोका मूळ अंदाजाच्या दहा ते पन्नास पट असल्याचे त्यांनी मांडले. पुढे कंपनीने सगळी आकडेवारी येल विद्यापीठाच्या हवाली केली. ती बाहेरच्या दोन स्वतंत्र गटांनी तपासली. २०१३ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला की मणक्याच्या शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडापेक्षा या महागड्या प्रथिनाचा ठळक फायदा दिसत नाही.

७८० रुग्ण आणि शून्य अपाय. हा आकडा वाचल्यावर मला माझी बँक आठवली. १९९२ पर्यंत आम्ही बुडीत कर्जांवरचे व्याजही उत्पन्न म्हणून जमेला धरत होतो. पैसा येत नसे, पण कागदावर येई. नरसिंहम समितीच्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने नियम बदलले. ठरावीक मुदतीत व्याज प्रत्यक्ष हाती आले नाही तर ते उत्पन्न धरायचे नाही आणि बुडणाऱ्या कर्जासाठी तरतूद करायची. एका मार्चअखेरीत नफ्यातल्या शाखा तोट्यात गेल्या. आम्ही त्या वर्षी एका रात्रीत नालायक झालो नव्हतो. तोटा आधीपासून होताच, फक्त त्याला वहीत रकाना नव्हता.

आता जेलकडे येतो. जेल म्हणजे काय हे मराठी घरात सांगायला नको. चीक उकडला की खरवस होतो. हातात धरता येतो, सुरीने कापता येतो, पण त्यात मुख्यतः पाणीच असते, बारीक जाळ्यात अडकलेले. असे जेल शरीरात ठेवण्याचा विचार प्रागच्या ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव्ह लीम यांनी १९६० मध्ये मांडला. १९६१ च्या नाताळात विख्तर्ले यांनी घरातल्या मुलांच्या खेळण्यातल्या सुट्या भागांचे यंत्र करून, सायकलच्या डायनॅमोवर ते चालवून, डोळ्यांत घालायची पहिली मऊ भिंगे ओतली. आज हाडासाठी जी जेल तपासली जातात त्यांतले काही पदार्थ तर आपल्या किनाऱ्याच्या ओळखीचे आहेत. तपकिरी समुद्रशेवाळापासून अल्जिनेट मिळते, कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसान. शिवाय जिलेटिन आहे, कोलॅजेन आहे आणि प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम जाळीही आहेत.

स्पंजाने जे बिघडवले ते सुधारणे हा या जेलचा एक मोठा हेतू आहे. प्रथिन हळूहळू सुटावे, थोडके पुरावे, जिथे हवे तिथेच राहावे. २००३ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी एक कृत्रिम जेल केले. त्याचे धागे पेशींना स्वतःच्या विकरांनी कापता येतील असे विणले होते, म्हणजे पेशी वाट काढत आत शिरतील आणि मागे हाड बांधत जातील. उंदरांच्या कवटीत पाडलेल्या ८ मिलिमीटरच्या भोकात हे जेल भरले. ज्या जेलचे धागे पेशींना सहज कापता येत होते त्यात हाड अधिक चांगले भरले. २०११ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया टेकमधील गटाने उंदराच्या मांडीच्या हाडातल्या फटीभोवती सच्छिद्र जाळीची नळी गुंडाळून आत अल्जिनेटचे जेल घातले. कमी मात्रेतही स्पंजापेक्षा अधिक हाड तयार झाल्याचे त्यांना दिसले. हार्वर्डमध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने आणखी वेगळी गोष्ट दाखवली. जेल किती कडक आहे एवढेच महत्त्वाचे नसते, दाबल्यावर ते किती लवकर सैलावते यावरही पेशींचे वागणे ठरते. २०१७ च्या त्यांच्या प्रयोगात लवकर सैलावणाऱ्या जेलमध्ये उंदरांच्या कवटीतले हाड जास्त भरले.

हे सगळे मला मनापासून थोर वाटते. यात कुणी फसवत नाही. भोक ८ मिलिमीटरचेच का, तर तेवढे भोक उंदराचे शरीर आपणहून बुजवू शकत नाही असे आधीच्या प्रयोगांतून ठरले आहे. त्यामुळे भरले तर श्रेय जेलला देता येते. प्रश्नच तेवढा नेमका विचारलेला असतो.

अडचण त्या उत्तराचा अर्थ लावताना येते. प्रयोगशाळेतला उंदीर तरुण असतो, एका वंशाचा असतो, निरोगी असतो. त्याचे हाड स्वच्छ हत्याराने, भूल देऊन, नीट मापाने कापलेले असते. कवटीच्या हाडावर तर चालण्याचा भारही येत नाही. माझ्या भाच्याचे हाड रस्त्यावर मोडले, जखमेत चिखल गेला, आसपासचे मांस चिरडले, पहिल्या महिन्यात जंतुसंसर्ग झाला. शिवाय गडी वीस वर्षे सिगारेट ओढतो. तंबाखूमुळे हाड जुळायला उशीर होतो, हे डॉक्टरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावले होते. उंदीर मोटारसायकलवरून पडलेला नसतो. म्हणून उंदरानंतर ससा, मग बोकड किंवा मेंढी अशी शिडी आहे. मेंढीचे वजन माणसाच्या जवळपास असते आणि तिच्या नडगीत तीन सेंटिमीटरची फट ठेवून परीक्षा घेता येते. या शिडीच्या प्रत्येक पायरीवर बरेच काही गळून पडते. ते गळणे स्वाभाविक आहे. पायऱ्या असतात त्या त्यासाठीच.

प्रश्न आहे गळलेल्याची नोंद कुठे होते हा. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी हाड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे असते, म्हणून बहुतेक वेळा जनावर मारावेच लागते. हाड भरले असेल तर शोधनिबंध होतो, विद्यापीठ पत्रक काढते, पत्रकाची बातमी होते. भरले नाही तर वही कपाटात जाते. मग दुसऱ्या गावातला, दुसऱ्या देशातला संशोधक तेच जेल पुन्हा तितक्याच उंदरांवर तपासतो. आणि वाचणाऱ्याला, मग तो डॉक्टर असो, औषध कंपनी असो की पाय वर करून पडलेला रुग्ण असो, फक्त जमेची बाजू दिसते. ही १९९२ पूर्वीच्या आमच्या बँकेची वही झाली. सातशे ऐंशी माणसांमागे शून्य अपाय लिहिणारी मनोवृत्ती माणसांच्या चाचण्यांत एकाएकी उगवत नाही. तोटा न लिहिण्याची सवय आधीच्या पायरीवर लागलेली असते.

यावर कोणी म्हणेल, जनावरांवर प्रयोगच नकोत. मी त्या टोकाला जाऊ शकत नाही. बहिणीच्या घरातली ती फिल्म मी पाहिली आहे. ज्या गोष्टी पेशींच्या तबकडीत किंवा संगणकावर कळू शकतात त्यांसाठी जनावर वापरू नये, हे तत्त्व मला मान्य आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच ते मांडले होते: पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. आपल्या देशात १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली १९६४ मध्ये नेमलेली समिती आहे, १९९८ चे नियम आहेत. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी इतर चाचण्यांनाही मान्यता मिळाली. पण मोडलेले हाड भार सोसू शकेल का, रक्तवाहिन्या आत शिरतील का, हे अजून जिवंत शरीरच सांगते. ते आपण जनावराकडून घेणार असू तर ते उसने घेतलेले आहे. उसने घेतले की निदान वहीत लिहावे.

याची तजवीज फार अवघड नाही. माणसांवरच्या चाचण्यांसाठी आपण ती केलीच आहे. भारताची क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून चाचणी सुरू होण्याआधी तिथे नोंद करणे सक्तीचे झाले. काय तपासणार, किती जणांवर, यश कशाला म्हणणार, हे आधी लिहून द्यायचे, म्हणजे नंतर सोयीचे उत्तर निवडता येत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी अशी नोंदवही नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये आणि जर्मनीत २०१९ मध्ये सुरू झाली, पण ती ऐच्छिक आहे. प्रयोग कसा लिहावा याची 'अराइव्ह' नावाची मार्गदर्शक सूचीही २०१० पासून आहे. उंदीर किती घेतले, किती वगळले, का वगळले, हे त्यात मागितलेले असते. माझी मागणी साधी आहे. आपल्या देशात सरकारी पैशावर होणाऱ्या प्राण्यांवरील प्रत्येक प्रयोगाची अशी आधी नोंद सक्तीची करावी आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, ठरावीक मुदतीत तिथे जाहीर करावा. प्राण्यांच्या नैतिक समितीपुढे अर्ज तर आजही करावाच लागतो. त्याच अर्जाची एक प्रत उघड्या वहीत ठेवायची. काही संशोधक म्हणतील की यामुळे कल्पना चोरीला जातील. त्यासाठी काही काळ तपशील झाकून ठेवण्याची सोय करता येते. कायमचे झाकण मात्र नको.

दुसरी मागणी आम्हा लिहिणाऱ्यांकडे. २०१९ मध्ये जेम्स हीदर्स नावाच्या शास्त्रज्ञाने एक गमतीचा उद्योग सुरू केला. वैद्यकीय शोधाची दणदणीत बातमी दिसली की तो तिच्यापुढे फक्त 'उंदरांत' एवढाच शब्द जोडून ती पुन्हा प्रसिद्ध करी. हजारो लोकांनी ते डोक्यावर घेतले. तो एक शब्द आपण आपल्या शीर्षकांत आधीच घातला तर काय बिघडेल? जागा थोडीच लागते. पाचव्या परिच्छेदापर्यंत वाचण्याचे त्राण प्रत्येक रुग्णात नसते.

गेल्या आठवड्यात भाच्याची दुसरी शस्त्रक्रिया ठरली. रॉड बदलणार आहेत आणि कमरेचे हाड काढून फटीत भरणार आहेत, म्हणजे जुनाच हुकमी उपाय. त्याने दोन महिन्यांपासून सिगारेट सोडली आहे. मी वाचलेले सगळे त्याला सांगितले, डुकरांच्या लाल हाडांपासून हार्वर्डच्या सैलावणाऱ्या जेलपर्यंत. तो शांतपणे ऐकत होता.

''म्हणजे मामा, ती बातमी खोटी होती?''

''नाही रे,'' मी म्हणालो. ''खरी होती. तुझ्याबद्दल नव्हती, एवढंच.''

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ''मग तसं लिहायचं होतं त्यांनी. मी पंधरा दिवस रोज डॉक्टरांना विचारत होतो.''

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली, एक्स-रेचे पाकीट उचलले आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी न्यायच्या पिशवीत ठेवले.